एकाहत्तराव्या मिनिटाचा गोल

ता. ९ फेब्रुवारी. सकाळी गार वारा. दहानंतर कडक ऊन, आभाळ स्वच्छ.

“पण वस्ताद, खोटं रंगवायचं कशाला?”

संग्राम वरुटेनं हे विचारलं तेव्हा तालमीत आम्ही नऊ जण होतो. संग्राम आमच्या चांदणी बोळ तालमीच्या फुटबॉल संघाचा आजचा सेंटर फॉरवर्ड. गेल्या रविवारी त्यानं दोन गोल मारले होते, आणि ते त्याच्या चालण्यात अजून दिसत होते.

भिंतीला टेकून आमचे जुने खेळाडू रघूअण्णा पिसाळांचा स्मृतिफलक ठेवला होता. अण्णांना जाऊन आज वर्ष झालं. मजकूर खडूनं आखून तयार होता. बापू पेंटर रंग ढवळत बसले होते. शेवटची ओळ अशी: ‘१९८९ च्या अंतिम सामन्यातील विजयी गोल.’

“त्यो गोल अण्णांचा न्हवं. तुमचा हाय.”

संग्रामच्या हातात माझी त्या वर्षीची, सामन्यांच्या नोंदींची वही होती. सकाळीच मागून नेली होती. त्यानं पान काढून मोठ्यानं वाचलं.

“गोल, भाऊसो मंगोरे. एकाहत्तरावं मिनिट.”

भाऊसो मंगोरे म्हणजे आमचे वस्ताद. ते बॉलमध्ये हवा भरत होते. भरत राहिले.

“वहीत काय बी असंल,” तानाजीकाका म्हणाले. “मी डोळ्यानं बघितलाय. अण्णानं डोक्यानं मारला.”

“डोक्यानं? डाव्या पायानं!” अनुसयामावशी म्हणाल्या. त्या तेव्हा मैदानाच्या गेटावर शेंगा विकायच्या.

“मावशी, तुमी तर गेटाभाईर हुता.”

“मग? आवाजावरनं कळतंय मला.”

सगळे हसले. वस्तादही.

मावशींनी पदरानं डोळे टिपले. “आमी हरलो की माझ्या शेंगा कोण घेत न्हवतं बघा. सगळी तोंड पाडून घरला. रघू तेवढा यायचा. उरलेल्या सगळ्या घ्यायचा आन् समोरच्या जिंकलेल्या पोरांत वाटत बसायचा. आपल्या पेठेची माणसं शिव्या घालायची, तर त्यांच्याबी हातात मूठभर द्यायचा.”

“माझ्या पोरीच्या लग्नात मांडव त्यानंच बांधला,” बापू म्हणाले. “आन् जेवायला शेवटच्या पंगतीत.”

संग्रामनं वही मिटली नाही.

“अण्णा मोठा माणूस, कोण न्हाई म्हणतंय? पण गोल कुणाचा?”

खरं सांगायचं तर वही चुकीची नाही. तो गोल होताना समोरचा गोलकीपर वस्तादांच्या अंगावर आला. वस्तादांना उचलून थेट दवाखान्यात नेलं. मैदानात गुलाल उडाला तेव्हा लोकांना पुढं दिसले ते अण्णा. लोकांनी त्यांनाच खांद्यावर घेतलं.

अण्णा शेवटपर्यंत सांगत होते, गोल भाऊसोचा. लोक एकमेकांना म्हणायचे, बघा, केवढं मन!

“त्यांचं कुणी ऐकलं न्हाई,” संग्राम म्हणाला. “मग तुमी तरी बोलायचं. पस्तीस वर्सं गप?”

वस्तादांनी बॉलमधून सुई काढली. बॉल अंगठ्यानं दाबून बघितला.

“रविवारचा तुझा दुसरा गोल.”

“व्हय, वस्ताद.”

“पास कुणी दिला?”

“गर्दीतनं आला, वस्ताद. बहुतेक आपला...”

बापूंनी रंग ढवळायचं थांबवलं.

वस्ताद उठले. उजवा हात गुडघ्यावर देऊन सावकाश वाकले आणि डाव्या हाताचा तळवा उजव्या पायापुढं फरशीवर ठेवला.

“हितं.”

“काय, वस्ताद?”

“माझा डावा पाय त्या दिवशी सुजला हुता. कुणाला सांगितलं न्हवतं, बाहेर बसवतील म्हणून. रघूनं ओळखलं. बॉल हितं आणून ठेवला. उजव्याच्या पुढं.”

“आन् किक?”

“ती मला आठवत न्हाई.”

संग्रामनं त्यांना दंडाला धरून उठवलं. वही माझ्याकडं परत दिली.

“काय करायचं मग?” बापूंनी कुंचला वर धरून विचारलं. “ही ओळ पुसू?”

संग्राम वस्तादांकडं वळला.

“वस्ताद, पण मारला तुमीच न्हवं?”

“मारला की.”

“मग?”

“त्यानं दिलेला. त्याच्याकडं असू दे.”

फलक दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी तालमीच्या दारावर लागला. ओळी सहा. शेवटची होती तशीच रंगवली.