डोरल्याची गुंडी

"आता शिकायचं राहिलंय तरी काय, आबा?"

 आबांच्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला होता. त्या ताणलेल्या दोऱ्यात ते एकेक काळा मणी सोडत होते.

"नाही, सांगा तरी. ओवायला शिकलो. दोऱ्याला मेण किती लावायचं ते शिकलो. मापाचं तर तुम्हीच बघता. आणि माझी गुंडी…"

"दोऱ्याची गुंडी चांगली वळतोस," आबा म्हणाले.

"बैलानं ओढली तरी निघायची नाही."

"हं."

पुढचा मणी दोऱ्यात गेला.

म्हसवडच्या बाजारात सोनारांची ओळ जिथं संपते, तिथं लिंबाखाली एक ओटा होता. त्या ओट्यावर लिंबाजी पटवेकरी बसायचे. सोनार मणी घडवायचा, वाट्या घडवायचा. ते सगळं दोऱ्यात ओवून बाईच्या गळ्याला नीट बसवायचं काम पटवेकऱ्याचं. सगळा बाजार त्यांना आबा म्हणायचा.

रंगनाथ त्यांच्या हाताखाली तयार झालेला. हाताचा चपळ, नजरेचा पक्का. आता त्याला दहिवडीला स्वतःची बैठक मांडायची होती. जागा बघून झाली होती. आबांनी 'जा' म्हटल्याशिवाय जायचं नाही, एवढं मात्र तो पाळून होता. आणि आबा काही 'जा' म्हणत नव्हते.

समोर शेवंता कासारीण बांगड्यांच्या माळा मांडून बसायची. गिऱ्हाईक नसलं की तिला रंगनाथची फिरकी घ्यायची सवय होती.

"ए रंगनाथ, ती बघ, हिरव्या लुगड्याची. सांग तिचं माप."

रंगनाथनं मान वर केली नि लगेच खाली घातली.

"लांब मान. तिला ठुशी द्यावी, गळ्याला लागून. लांब सर घातला तर बाई काठीसारखी दिसेल."

"आणि मला रे?"

"तुमची मान खांद्यात रुतलेली, वैनी. तुम्हाला लांब सर पाहिजे, छातीवर रुळणारा. मान आहे असं लोकांना वाटेल तरी."

"मेल्या, तुझ्या तोंडाला गुंडी लाव आधी!"

शेवंता हसली. रंगनाथही हसला. आबांकडं बघून म्हणाला, "चुकलं का काही?"

"नाही," आबा म्हणाले. "बरोबर सांगितलंस."

तेवढ्यात ओट्यापुढं सावली पडली.

म्हातारा धनगर होता. खांद्यावर घोंगडं, कमरेला मेंढ्या कातरायची कातर. उभा राहिला तो उभाच राहिला, जणू बोलावल्याशिवाय बसायचं कसं या विचारात.

"बसा," आबा म्हणाले.

तो बसला. फेट्याच्या टोकाला गाठ मारली होती, ती सोडून त्यानं डोरलं काढलं. जुनं, लांब. काळे मणी विटलेले, दोन वाट्या झिजून गुळगुळीत झालेल्या.

"आखूड करायचंय," तो म्हणाला. "मी म्हाकू. वरकुट्याचा."

रंगनाथनं डोरलं हातात घेतलं. "बाईंना घेऊन या, बाबा. गळा बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही."

"ती न्हाई यायची."

"का बरं?"

"उठत न्हाई. आखाडापासनं."

रंगनाथनं हातातलं डोरलं खाली ठेवलं.

"निजली की ह्या वाट्या पाठीखाली जात्यात," म्हाकूबा सांगू लागला. सावकाश, जणू मेंढरं मोजतोय. "कूस बदलाया गेलं की दोरा मानंला वळ काढतो. गळा पार सुकलाय तिचा. म्हनून आलो."

"मग काढूनच ठेवायचं की! आजारपणात कोण नावं ठेवतंय?"

म्हाकूबानं मान हलवली.

"तिलाच चालत न्हाई. आज हितं आनाया काढलं, तर हळदीचा दोरा बांधून आलोय. तरीबी सकाळपासनं तोंड मिटून पडलीया. डोरलं गळ्यात आल्याबिगर पान्याचा घोट घ्यायची न्हाई म्हनली. शेजारीण बसवून आलोय. एष्टी हाय आता… ती गाठली पायजे."

"पोरं नाहीत घरात?"

"मेंढरामागं कोकणात गेल्यात. घरात आमी दोघंच."

शेवंतानं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या.

"बरं," रंगनाथ म्हणाला. "माप आणलंय?"

"आनलंय."

रंगनाथनं हात पुढं केला. म्हाकूबाकडं दोरा नव्हता, चिंधी नव्हती. त्यानं पैरणीची बाही वर सारली आणि कोपराखालचा आपला हात पुढं धरला.

"ह्यो. तिची मान ह्या हातावर आसती. आता दोन्ही सारखीच झाल्यात, मान न् हात."

रंगनाथच्या ओठावर हसू आलं होतं. ते त्यानं गिळलं. दोरा घेऊन त्या हाताभोवती फिरवला, दोन बोटं सैल ठेवून चिमटीत धरला आणि कामाला लागला.

काम बघण्यासारखं होतं. जुना दोरा तोडला, मणी थाळीत सोडले, फुटके बाजूला केले. नवा दोरा मेणातून ओढला. अंगठ्याला अडकवला. मणी, मणी, मणी, वाटी, वाटी, पुन्हा मणी. एवढं आखूड डोरलं डोक्यातून जाणार नव्हतं. म्हणून मागं एका टोकाला दोऱ्याचं काज केलं नि दुसऱ्या टोकाला आपली गुंडी वळली. वाटाण्याएवढी, टणक. गुंडी काजात दाबून बसवली आणि दोन्ही हातांनी ओढून दाखवली.

"बघा. आता जन्मात निघायची नाही."

म्हाकूबानं डोरलं घेतलं. आपल्या हातावर ठेवलं. त्या गुंडीवरून अंगठा फिरवत राहिला.

"ही कुठं येनार?"

"मानेमागं. सगळ्यांची तिथंच असते. दिसत नाही."

"न् निजल्यावर?"

"निजल्यावर कोण बघतंय, बाबा!"

 म्हाकूबाचा अंगठा गुंडीवरून हलेना.

आबांनी पायाच्या अंगठ्याचा दोरा काढला. सकाळपासून पहिल्यांदा.

"रंगनाथ, ती खिळ्यावरची पोत घाल."

खिळ्याला एक पोत टांगलेली असायची. रंगनाथच्याच हातची, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेली.

"कुणाला घालू?"

"तुला."

"मला?"

"गळ्यात घाल. गुंडी लाव. आणि म्हाकूबाच्या हातावर डोकं टेकून नीज."

"आबा, भर बाजारात…"

आबांनी खिळ्याकडं बोट केलं.

रंगनाथनं पोत घातली. काळे मणी त्याच्या गळ्यात बसले आणि समोरून शेवंता ओरडली, "अगं बाई! रंगनाथचं लगीन लागलं! कुंकू आणू का रे?"

दोन-चार माणसं थांबली. कुणीतरी शीळ घातली. रंगनाथचे कान लाल झाले. तरी तो ओट्यावर आडवा झाला, आणि म्हाकूबानं आपला हात त्याच्या मानेखाली सरकवला.

"म्हाकूबा," आबा म्हणाले, "घरी पाणी कसं पाजता?"

"आसं."

"तसंच ह्याला पाजा."

आबांनी तांब्या पुढं सरकवला. त्यात पळी होती.

म्हाकूबानं रंगनाथचं डोकं थोडं वर घेतलं. फार नाही, एवढंसंच. डोक्याचा सगळा भार त्या हातावर आला, आणि त्या भारानं गुंडी मानेत रुतली. अगदी मणक्यावर. रंगनाथनं मान वळवून बघितली. गुंडी तिथंच. उलट्या बाजूला वळवली. दोरा ताणला आणि गुंडी आणखी आत गेली.

"हलू नगं," म्हाकूबा म्हणाला. "सांडल."

पळी ओठाला लागली.

"तोंड उघड, हौसा."

बाजारातलं हसू थांबलं.

बायकोचं नाव तोंडून गेलं, हे म्हाकूबाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं पळी रिती केली, खाली ठेवली आणि मोकळ्या झालेल्या हाताचा अंगठा रंगनाथच्या गळ्याच्या खळगीत हलकेच टेकवला. वाट बघितली. पाणी खाली उतरलं तसं अंगठ्याला कळलं असावं.

"गेलं," तो म्हणाला. स्वतःशीच.

रंगनाथ डोळे मिटून पडून होता. कुणाच्या तरी हातावर डोकं ठेवून आपण शेवटचं पाणी कधी प्यायलो, ते त्याला आठवेना.

मग तो अंगठा खळगीवरून सरकला. मणी चाचपत मानेच्या बाजूनं मागं गेला. गुंडी सापडली. म्हाकूबा ती काजातून काढू बघत होता. एकाच हातानं. नखानं ढकलली, चिमटीत धरली, पुन्हा ढकलली. ती हलली नाही.

"ही सुटत न्हाई," तो म्हणाला.

"सुटू नये म्हणूनच केलीय," रंगनाथ पडल्या पडल्या म्हणाला. आवाजात मघाचा जोर नव्हता.

"मला एका हातानं सुटाया पायजे, दादा. दुसरा हात मानंखाली आसतो."

"पण सोडायची कशाला? तुम्हीच म्हणालात, त्यांना काढलेलं चालत नाही. मग एकदा घातलं की…"

म्हाकूबाचा अंगठा गुंडीवरून मागं आला.



लिंबाचं एक पिवळं पान ओट्यावर पडलं. शेवंतानं पदर तोंडाशी धरला होता.

"शेवटाला काढाया घरात दुसरं कुनी न्हाई," म्हाकूबा म्हणाला. "म्हनून म्हनलं."

रंगनाथ उठून बसला. गळ्यातली पोत काढायला त्याला स्वतःचे दोन्ही हात लागले. ती त्यानं खिळ्याला टांगली नाही, मांडीवरच ठेवली. मानेमागं हात नेला. तिथं खड्डा पडला होता.

मग त्यानं हौसाबाईचं डोरलं घेतलं आणि आपली वाटाण्याएवढी गुंडी कात्रीनं तोडून टाकली.

"आबा, एका हातानं सुटणारी केली तर ती अशीच सुटेल. कूस बदलताना सुटेल."

"तिला हाताशी चाळा असतो का हो डोरल्याचा?" आबांनी म्हाकूबाला विचारलं.

"मुठीत धरून आसती. रातध्याड."

आबा रंगनाथकडं वळले. "तिच्या हातून सुटू नये. त्याच्या हातून सुटावी."

"एकच गुंडी?"

"एकच."

रंगनाथ विचार करत बसला. त्यानं दोऱ्याचा पीळ उलगडला, सैल केला. गोल गुंडी सोडून चपटी वळली, खारकेच्या बीसारखी, आडवी, मऊ. टोकं मणक्यावर येऊ दिली नाहीत. म्हाकूबाला तिची निजायची कूस विचारून एका बाजूचे मणी कमी केले नि ती कानाखाली, खांद्याच्या वर आणली. बाई उताणी निजो की भिंतीकडं तोंड करून, ती कशाखाली दबणार नव्हती. काज असं केलं, की पुढून मणी धरून ओढले तर गुंडी आडवी होऊन अडकायची. आणि बाजूनं अंगठ्यानं तिरकी रेटली तर निघायची.

पहिली जमली नाही. दुसरी फार सैल झाली. ती तोडताना त्यानं एष्टीच्या रस्त्याकडं बघितलं.

तिसरी वळली, तेव्हा त्यानं डावा हात समोर वाकवून धरला, जणू त्यावर कुणाचं डोकं आहे. डोळे मिटले. उजव्या हाताच्या अंगठ्यानं गुंडी शोधली. रेटली.

सुटली.

त्यानं पुन्हा लावली. तीही एका हातानंच. मग मणी मुठीत धरून ओढून बघितले. धरून राहिली.

"बाबा, बघा बरं."

म्हाकूबानं डोरलं आपल्या कोपराखालच्या हाताभोवती घातलं. बरोबर बसलं. त्यानं सगळा जन्म मेंढ्या कातरल्या होत्या. जितराबाच्या कातड्याला ओरखडा उठू न देणारा हात होता तो. अंगठा गुंडीवर गेला, थोडा तिरका झाला, आणि डोरलं उघडून अलगद त्याच्या मांडीवर आलं.

म्हाकूबा त्या उघड्या डोरल्याकडं बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "आसंच."

रंगनाथच्या छातीवरचा भार उतरला. शेवंतानं तिकडून विचारलं, "जमलं का रे?" आणि तिचं तिलाच उत्तर मिळालं असावं, कारण तिनं डोळे पुसले.

"बाबा, तोंडावर पाणी मारून या," रंगनाथ म्हणाला. "नळ त्या कोपऱ्यावर आहे. तोवर बांधून ठेवतो. एष्टी मिळेल तुम्हाला."

म्हाकूबा घोंगडं सावरत नळाकडं गेला.

रंगनाथनं कागद घेतला. कागदावर हळदीची चिमूट टाकली. डोरलं त्यात ठेवलं आणि कडा मोडू लागला. आज आबांना दहिवडीचं पुन्हा विचारावं, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. विचारलं मात्र नाही.

"रंगनाथ."

"काय आबा?"

"तोड ती. परत वळ. आणखी सोपी कर."

रंगनाथचा हात कागदावर थांबला.

"सुटली की, आबा. एका हातानं सुटली. तुमच्यासमोर सुटली."

आबांनी नळाकडं बघितलं. म्हाकूबा भरलेली ओंजळ तोंडाशी नेत होता. एक थेंब बाहेर सांडत नव्हता.

"सुटली," आबा म्हणाले. "…आज त्याचा हात थरथरत नव्हता."