जुळ्यांचं प्रेशर

एकदा एक धान्याचे व्यापारी आपल्या तरण्याताठ्या मुलाला घेऊन एका वृद्ध डॉक्टरांकडे आले. मुलाचं नाव मन्मथ. दुकानातच तो चक्कर येऊन पडला होता.

"डॉक्टरसाहेब, आमच्याकडे हे वारशानेच आहे. माझे वडील प्रेशरनेच गेले. चांगली जालीम गोळी द्या. हंगाम तोंडावर आलाय, याला गादीवर बसायचंय."

मन्मथला गादीवर बसायचं नव्हतं. पण वडिलांपुढे तसं म्हणण्याची त्याची हिंमत नव्हती.

वारसा हा शब्द मोठ्या माणसांना फार सोयीचा वाटतो. तो उच्चारला की कुणालाच माफी मागावी लागत नाही.

डॉक्टरांच्या हाताखाली शिकणारी मुलगी गोळी लिहू लागली. डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि घरची चौकशी केली. मन्मथला शैलेश नावाचा हुबेहूब जुळा भाऊ होता, जन्मतःच मावशीला दत्तक दिलेला. "उद्या त्यालाही आणा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठना बाहेर थांबवलं, दोघा भावांना शेजारी बसवून विद्यार्थिनीला त्यांच्या दंडाला प्रेशर मोजायचे पट्टे बांधायला लावले, आणि काही न सांगता स्टीलचा ट्रे धाडकन फरशीवर आपटला. दोघेही दचकले. दोघांचंही प्रेशर सारखंच उसळलं आणि जरा वेळाने सारखंच उतरलं.

"म्हणजे वारसाच की, सर," विद्यार्थिनी म्हणाली.

"अर्धंच पाहिलंस." डॉक्टरांनी दार उघडलं. "शेठ, आत या. मन्मथशी दोन शब्द बोला."

"याच्याशी काय बोलायचं? ए, सरळ बस! पोत्यासारखा काय पडलायस? भाऊ बघ कसा बसलाय!"

तिने पुन्हा मोजलं. शैलेशचं होतं तिथेच होतं. मन्मथचं ट्रेच्या वेळेपेक्षाही वर गेलं होतं, आणि उतरायचं नाव घेईना.

डॉक्टर म्हणाले, "शेठ, या दोघांना आजोबांकडून एकसारखी काडेपेटी मिळालीय. म्हणून शैलेशनेही मीठ जपून खावं, अधूनमधून तपासून घ्यावं. पण काडी आपोआप पेटत नाही. मावशीच्या घरी ती कोनाड्यात पडून आहे. तुमच्या घरी तुम्ही ती रोज ओढता. गोळी मी देतो. पण याने गोळ्या गिळायच्या आणि तुम्ही ओरडत राहायचं, याला उपचार म्हणत नाहीत."

"म्हणजे दोष माझा? मी माझ्या बापाचं याच्या दसपट ऐकलंय!"

"ऐकलंत, आणि तेवढंच शिकलात. ओरडणं रक्तातून येत नाही."

मग मन्मथने तोंड उघडलं. "बाबा, मी गादीवर नाही बसणार. मी मावशीकडे जातो."

शेठ ताडकन उठले. मन्मथचा चेहरा त्याच क्षणी पांढरा पडला. तो त्यांनी पाहिला. बहुधा पहिल्यांदाच पाहिला. ते पुन्हा खाली बसले.

"जा," ते हळू आवाजात म्हणाले. "जेवून जा."

"हो, बाबा."

हळू बोललेलंही मुलाला ऐकू येतं, हे शेठना इतक्या वर्षांनी कळलं.