न झालेली धाव

“पण बाई, धक्का लागलाच नाही, तर अडवलं कसं म्हणायचं?”

धर्माळे बाई झाडाच्या सावलीत बसल्या होत्या. शेंगा सोलत राहिल्या.

अमरावतीच्या एका मैदानावर मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धा चालू होत्या. सकाळच्या उपांत्य सामन्यात प्रणित राऊत पंच होता. पंचांच्या परीक्षेत तो राज्यात पहिला आला होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. त्याला पंचगिरी शिकवली ती बाईंनी. आता त्या निवृत्त होत्या. सामने बघायला तेवढ्या येत.

प्रणित एका जागी बसेना. सावलीत इकडून तिकडे चालत होता.

“मेहेक धाव पुरी करायला होमकडे, शेवटच्या बेसकडे पळत होती. समोरच्या संघाची कॅचर तिच्या वाटेत, रेषेवर उभी होती, कबूल. चेंडू अजून तिच्याकडे आला नव्हता, तेही कबूल. पण मेहेक तिला धडकली का? नाही! स्वतःच हळू झाली, वळसा घेतला. तेवढ्यात चेंडू आला. कॅचरनं तिच्या दंडाला टेकवला. मी आउट दिलं.”

“हं.”

“तिथंच मेहेकच्या संघाचा सामना गेला. मुली रडल्या. त्यांचे कोच माझ्या अंगावर धावून आले. सगळे असे बघतायत, जणू मी चोरी केली. माझं काय चुकलं, सांगा.”

बाई उठल्या. पदरावरची टरफलं झाडली. रिकाम्या मैदानात जाऊन चुन्याच्या रेषेवर उभ्या राहिल्या.

“तिसऱ्या बेसवरून पळत ये. जोरात.”

“आत्ता?”

“ये.”

तो पळाला. बाईंच्या जवळ येताच कचरला. पावलं आखडली आणि बाजूनं निघून गेला.

“मी हात लावला तुला?”

“नाही.”

“मग?”

“तुम्ही मध्ये उभ्या होतात! तुम्हाला कसा धडकू?”

…

प्रणितनं टोपी काढली, पुन्हा घातली.

“बरं. पण त्या कॅचरनं मुद्दाम नाही केलं. गोंधळून उभी राहिली बिचारी. तिला शिक्षा कशाला?”

“शिक्षा कोण देतंय? चेंडू हातात नाही, चेंडू अडवायलाही ती तिथं नाही, आणि पळणारीची वाट अडली. एवढं दिसलं की ‘अडवलं’ अशी खूण म्हणून डावा हात आडवा करायचा. खेळ चालू द्यायचा. मग पळणारीला तिचं द्यायचं.”

“तिचं म्हणजे किती?”

“कुणी मध्ये नसतं तर जिथवर पोचली असती, तिथवर.”

“हेच! हेच मला पटत नाही, बाई. पोचली असती कशावरून? पाय घसरला असता. दम लागला असता. घडलं ते मी बघू शकतो. जे घडलंच नाही, ते कसं बघायचं?”

बाई सावलीत येऊन बसल्या. तोही मागोमाग आला, पण बसला नाही. झाडाखालच्या पाण्याच्या पिंपाला टेकून उभा राहिला.

“दुपारी अंतिम सामना मलाच दिलाय. पुन्हा तसंच झालं तर? … बाई, काहीतरी सांगा ना.”

बाईंनी उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या.

मंडपातून मेहेक बाहेर आली. डोळे सुजलेले, गुडघ्याला माती, हातात रिकामी बाटली. झपझप झाडाकडे येत होती. अर्ध्या वाटेत तिची नजर प्रणितवर गेली.

ती थांबली. बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

मग उठली आणि आली तशी परत गेली.

प्रणित तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा कावराबावरा झाला.

“माझ्याशी भांडायला येत होती का, बाई? … मग बोलली का नाही काही?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“तहान लागली होती तिला.”