सात चिंध्यांचा दोर

एका उजाड माळावर एक गाव होतं आणि त्या गावात विहिरी खणणारा एक लखू होता. अंगानं दणकट. पहार अशी घालायचा की बघणाऱ्यानं बघतच राहावं. गावात त्यानं सात विहिरी खणल्या होत्या. पाणी म्हणाल, तर एकीतही नव्हतं!

दर वेळी तेच. कुदळ पडली की गाव काठावर जमायचं, "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणायचं, आणि लखूला दहा हत्तींचं बळ यायचं. काही दिवस काम झपाझप चालायचं. मग एक दिवस लखू घाम पुसत वर यायचा आणि सांगायचा, "खडक लागला. इथं पाणी नाही. दुसरीकडं बघू."

बायका दोन कोसांवरच्या ओढ्यातून पाणी आणत होत्या. यंदा तोही आटत चालला. शेवटी पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं, "पाडव्यापर्यंत पाणी लागलं नाही, तर गाव उठवायचं." आपल्यापायी गाव उठणार, या विचारानं लखूला घास गिळवेना.

विहिरीतली माती रहाटावरून ओढायला चिमणाक्का असायची. म्हातारी, पण काटक, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. त्या गावची एक रीत होती. विहीर अर्धी सोडली की दोराला बांधलेली मातीची पाटी तळाला टेकवायची, आणि काठाशी दोराचा जो भाग येईल तिथं एक चिंधी बांधायची. कुठवर गेलो होतो, त्याची ती खूण.

सातवी विहीर सोडली त्या दिवशी चिमणाक्का सातवी चिंधी बांधता बांधता थांबली.

"लखू, अरे इकडं ये. हा दोर बघ."

"काय झालं त्याला?"

"सात चिंध्या आणि सातही एका वितीत! नुसतं गाठोडं झालंय. दर खेपेला रहाटात अडकतं. माझे तळहात सोलून निघाले."

"तिथंच खडक लागतो, त्याला मी काय करू?"

"वा रे वा! गावाखाली देवानं सपाट फरशी बसवून ठेवलीय होय?"

लखू संतापला. खडकाचा तुकडा आणून म्हातारीपुढं आपटायचाच, म्हणून पुन्हा विहिरीत उतरला. पहार घातली. मुरूम निघाला. आणखी घातली. पुन्हा मुरूमच. कठीण होता, पण खडक नव्हता.

तो पहारीवर हात टेकून उभा राहिला. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. एवढ्या खोलीला काठावरच्या माणसांचं बोलणं पोचायचं नाही, आणि तोवर ती माणसंही उन्हाला कंटाळून घरी गेलेली असायची. दर वेळी आपले हात इथंच गळतात, हे लखूला आज पहिल्यांदा कळलं. लाजेनं त्याचे डोळे भरून आले.

वर येऊन तो म्हणाला, "आक्का, खडक नव्हता गं. शाबासकी संपली की माझी पहारही संपते."

"कळलं ना? मग अर्धी विहीर झाली म्हण. आता काय करतोस?"

"उद्यापासून काठावर कुणाला येऊ देऊ नकोस, म्हणजे शाबासकीची वाटच बघायला नको. तूही बोलू नकोस. पाटी भरली की ओढायची, बस्स."

"मी? गप्प बसू?" चिमणाक्कानं कपाळावर हात मारला. "त्यापेक्षा मीच खणते की!"

पण ती गप्प राहिली.

पहिले दोन दिवस लखूला फार जड गेले. सारखं वर बघावंसं वाटे. तिसऱ्या दिवशी त्यानं पायाखाली बघितलं. मुरमाचा रंग बदलत होता. तो हाताला गार लागत होता. पहारीचा आवाजही मऊ झाला होता. इतकी वर्षं जमीन बोलायला तयार होती, आणि याचे कान सगळे वर लागलेले!

पाडव्याच्या आदल्या दिवशी वर आलेल्या पाटीत चिमणाक्कानं हात घातला, तर चिखल! नऊ दिवसांचं मौन सुटलं. तिनं अशी बोंब ठोकली की सगळं गाव धावत आलं, आणि काठावर एकच गलका झाला, "शाब्बास लखू! शाब्बास!"

लखू वर आला तो गुडघ्यापर्यंत भिजून. चिमणाक्कानं त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

"अरे, एवढं गाव ओरडत होतं. ऐकलंस की नाही?"

"नाही गं आक्का," लखू म्हणाला, "खाली झरा वाजत होता."

मग तिनं दोराला आठवी चिंधी बांधली. त्या सातांच्या गाठोड्यापासून ती फार लांब नव्हती. चार हात, एवढंच.

तात्पर्य: आपले हात नेमके कुठं गळतात हे ज्यानं ओळखलं, त्याला तिथून पुढचे चार हात जाता येतं.