गोजराबाईचा ऐतवार

फार मागची गोष्ट. बोरणा नदीवर तेव्हा पूल नव्हता. अलीकडे हिवरे, पलीकडे तांदळी आणि मधे नदीचं रुंद वाळवंट. पाणी ओसरलं, की दर ऐतवारी त्या वाळूत बाजार भरायचा.

गोजरा तांदळीची लेक, हिवऱ्याची सून. आठवडाभर ती ऐतवाराकडे डोळे लावून बसायची. उजाडलं, की वांग्यांची टोपली घेऊन वाळूत उतरायची. ओल्या मेथीचा वास, गुळाच्या ढेपांवर घोंगावणाऱ्या माश्या, कासाराच्या बांगड्यांची किणकिण. या सगळ्यातून वाट काढत तिची आई यायची. आईची नजर अधू झाली होती. ती आधी लेकीचे हात चाचपायची, मग दोघी पेरू खात, ऊन कलेपर्यंत बोलत बसायच्या. तेवढंच गोजराचं माहेर.

एका वर्षी गायरानावरून दोन्ही गावांत भांडण पेटलं. डोकी फुटली. दोन्हीकडच्या पाटलांनी दवंडी पिटली, कुणी नदी ओलांडायची नाही. बाजार मोडला. हिवऱ्यात वांगी झाडालाच पिवळी पडली, तांदळीत गूळ पाझरून गेला.

ऐतवारी गोजरानं टोपली उचलली.

"कुठं निघालीस गं?" सासूनं विचारलं.

"बाजाराला, आत्याबाई."

"बाजार हाय कुठं आता?"

"मी बसले की झाला."

सासू उठली. मग तिनं आपल्या हातानं चुंबळ वळली आणि सुनेच्या डोक्यावर ठेवली.

गोजरा मधोमध वाळूत जाऊन बसली. दोन्ही काठांवर काठ्या घेतलेले गडी उभे. पण तिनं नदी ओलांडलीच नव्हती, मग अडवायचं कसं? ऐतवारामागून ऐतवार ती तशीच एकटी बसली. आई काही आली नाही. आई आहे की गेली, हेही कुणी सांगेना. संध्याकाळी टोपली भरलेलीच परत यायची. वाटेत तिला रडू फुटायचं, पण पुढच्या ऐतवारी ती पुन्हा निघायची.

आणि मग एका ऐतवारी, भर चैत्रात, नदीतून धुकं उठलं. असं म्हणतात, की त्या धुक्याला कोवळ्या काकडीचा वास होता. काठ दिसेना, काठ्या दिसेनात. गोजरानं हाळी दिली, "घ्या वो, कवळी वांगी!" ती हाळी पाण्यावरून चालत गेल्यासारखी तांदळीत पोचली. आईला दिसण्याची गरजच नव्हती. ती आवाजाच्या मागं निघाली. तिच्या पायरवामागं कुणी गूळ घेऊन निघालं, कुणी मडकी. इकडून भाज्या निघाल्या. धुक्यात हाताला हात लागत होते.

"कुठली गं तू?" कुणीतरी विचारलं.

"बाजारातली," कुणीतरी म्हणालं.

त्या दिवशी गोजराच्या टोपलीतली वांगी कितीही दिली तरी सरली नाहीत, असं म्हणतात. दुपारी धुकं विरलं. बघतात तर दोन्ही गावं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि दोन्ही पाटील एकाच फडक्यावरचे भुईमुगाचे दाणे खाताहेत. काठी उचलायचं कुणाला सुचलंच नाही. एक पाटील जरा वेळानं म्हणाले, "दाणे खारे हायत." दुसरे म्हणाले, "तर काय!" भांडण तिथंच मिटलं.

गोजराला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची आई तिचे हात चाचपत होती. "वाळलीस गं," एवढंच म्हणत होती.

पुढं गोजरा म्हातारी झाली. एका ऐतवारी बाजार उठला, तेव्हा तिची टोपली वाळूत होती, ती नव्हती. पावलं पाण्याच्या कडेपर्यंत गेलेली दिसली. पुढं ती कुठं गेली, कुणीच सांगत नाही.

आता नदीवर पूल आहे, तरी बाजार खाली वाळूतच भरतो. सासरी गेलेली लेक आणि तिची आई तिथं भेटल्या, की शेजारची बाई आपलं पोतं त्यांच्यासाठी अंथरते आणि म्हणते, "बसा, बोला. गिऱ्हाईक मी बघते." बाकीच्यांनी पालं सोडली, गाड्या जुंपल्या, तरी ती बाई तिथंच थांबते. त्या दोघींचं बोलणं सरेपर्यंत गोजराबाईचा बाजार उठत नाही.