हौसाबाईंची फोडणी

"पण मॅडम, एवढ्या हत्यारांत पहिला मान कुणाचा, ते तरी सांगा."

डॉ. हर्डीकरांनी हात धुता धुता मान वर केली. "पेशंट काय बोलते, ते ऐक."

मकरंदला हे उत्तरच वाटलं नाही. परदेशात शिकून आलेला गडी. मेंदूतली गाठ फोडून शोषून घेणारं नवं यंत्र अख्ख्या मिरजेत आपल्याइतकं कुणाला चालवता येत नाही, हे तो कुणाला विसरू देत नसे. 'कणभरही ठेवणार नाही,' असं आजच्या पेशंटच्या, हौसाबाईंच्या लेकीला त्यानं सांगूनही टाकलं होतं.

कवटी उघडली होती आणि हौसाबाई जाग्या होत्या. मेंदूला स्वतःला दुखत नाही. आणि गाठ बोलण्याच्या जागेला खेटून होती. अशा वेळी मॅडमचा एक रिवाज असे. पेशंटनं आपल्याला सगळ्यात चांगलं येतं ते बोलत राहायचं. हौसाबाईंची खानावळ होती. त्या कटाची आमटी सांगत होत्या.

"कट गाळून घ्यायचा बघा... चिंच भिजत टाकायची..."

मकरंदनं पेडल दाबलं. यंत्र घुमू लागलं. गाठ लोण्यासारखी निघत होती आणि स्वारी खुशीत होती.

"आता तेल तापलं की..."

शेवटचा तुकडा राहिला. त्यानं पेडल आणखी दाबलं.

एकाएकी त्याच्या पायावर पाय पडला. मॅडमनी त्याचा पाय पेडलवरून ढकलून दिला.

"मॅडम! थोडंच राहिलंय!"

"ती काय म्हणाली?"

त्यानं कान दिला. हौसाबाई गप्प होत्या. कधीपासून, हेही त्याला सांगता येईना.

मॅडमनी त्या जागेवर ओला कापूस ठेवला. "हौसाबाई, तेल तापलं. पुढं काय?"

...

ओठ हलले. आवाज नाही.

बाहेर लेक बसली होती. ही बाई तिला आता नावानं हाक मारू शकेल का? आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या हातांची भीती वाटली.

"हौसाबाई... तेल."

...

"मोहरी..." आवाज चिरका आला. "मोहरी टाका की वो! तेल जळाय लागलंय!"

मकरंदचा श्वास सुटला. मग त्यानं ऑपरेशनच्या दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं. तुकडा तिथंच होता, बोलण्याच्या जागेला घट्ट धरून.

"मॅडम, कणभर राहिलंय. लेकीला शब्द दिलाय मी... कुठल्या हत्यारानं काढू?"

"फोडणीत काय पडलं?"

"मोहरी."

"मग शिवायला घे."