भालूकाकांचं भलंमोठं कुलूप

अंगणात पेरूचं झाड. झाडावर झुपकी खार.
झुपकीला मिळाला एक शेंगदाणा. एकच! सकाळपासून पोट रिकामं.
दाणा सुटला. गडगड गडगड... गेला कोठीच्या दाराखालून आत!
कोठी भालूकाकांची. आत दोन फुटक्या बादल्या. पण दाराला कुलूप केवढं? एवढ्ढं! दुकानातलं सगळ्यांत मोठं.

झुपकी कुलपाकडे गेली.
"कुलपा कुलपा, निघ ना! मला दाणा मिळेना!"
"मी नाही जा! किल्ली आली तर निघेन."

तुरुतुरु तुरुतुरु. झुपकी घरात गेली. किल्ली होती कपाटात. झुपकी फटीतून म्हणाली,
"किल्ली किल्ली, चल ना! कुलूप निघेना, मला दाणा मिळेना!"
"मी नाही जा! कपाट उघडलं तर येईन."

झुपकीने कपाटावर टकटक केलं.
"कपाटा कपाटा, उघड ना! किल्ली हलेना, कुलूप निघेना, मला दाणा मिळेना!"
"मी नाही जा! माझं आकड्यांचं कुलूप. आकडा कळला तर उघडेन."

आकडा होता वहीत. अगदी गुपित! वही होती टेबलावर. तुरुतुरु तुरुतुरु.
"वही वही, बोल ना! कपाट उघडेना, किल्ली हलेना, कुलूप निघेना, मला दाणा मिळेना!"
"मी नाही जा! अक्षर काकांचं. ते त्यांनाच लागतं. काकांनी वाचलं तर बोलेन."

काका होते झोपाळ्यावर. कुर्र कुर्र.
"काका काका, वाचा ना! वही बोलेना, कपाट उघडेना, किल्ली हलेना, कुलूप निघेना, मला दाणा मिळेना!"
"वाचतो की! पण चष्मा मिळाला तर."
"चष्मा कुठाय?"
"कोठीत राहिला!"
"मग कोठीला कुलूप का लावलं?"
"अगं, चोर आला तर? चष्मा नेईल ना!"

आता काय? झुपकी परत कोठीपाशी आली. दाराच्या कोयंड्यावर बसली. कोयंडा म्हणजे ज्यात कुलूप अडकतं ना, ते लोखंडाचं कडं. झुपकीला रडूच आलं.
"काका वाचेनात, वही बोलेना, कपाट उघडेना, किल्ली हलेना, कुलूप निघेना, मला दाणा मिळेना!"
डुगडुग डुगडुग.
"ए, हलू नकोस!" कोयंडा म्हणाला. "मी जुना. एका खिळ्यावर उभा आहे. पडेन हं!"
"पडलास तर?"
"तर दार उघडेल."
झुपकीने डोळे पुसले. "कोयंड्या कोयंड्या, पड ना!"
"एवढंच ना? मला कुणी विचारलंच नव्हतं!"

कुईं... कुईं... ठण्ण!
कोयंडा पडला. कुलूप पडलं. दार उघडलं. झुपकीला दाणा मिळाला!

आवाज ऐकून काका धावत आले. काकांना चष्मा मिळाला. काकांनी वही वाचली. वहीने आकडा सांगितला. आकड्याने कपाट उघडलं. कपाटाने किल्ली दिली.
काका किल्ली घेऊन खाली बसले. जमिनीवर पडलेलं कुलूप उघडलं. खट्ट!
काका खूश!
"बघितलंस, झुपके? किल्लीशिवाय उघडलं का? याला म्हणतात कुलूप!"

झुपकीने नुसती मान डोलावली. तोंडात दाणा होता ना!
कुटूर कुटूर. कुटूर कुटूर.